शांत बादलीचा खोकला

दात घासायचा ब्रश तोंडात धरून मी न्हाणीघराच्या बंद दाराबाहेर उभा होतो आणि आत बाबा दाढी करता करता म्हणत होते, "शिडी, लिंबू, पूल, मेणबत्ती, कात्री, ससा, उशी." मग ते खोकले. मग म्हणाले, "नदी." निवृत्त माणूस सकाळी आरशासमोर काय वाटेल ते म्हणू शकतो, त्याला निवृत्त तेवढ्यासाठीच करतात. कोणी देवाचं नाव घेतं, कोणी सरकारला शिव्या देतं. माझे वडील मेणबत्ती म्हणत होते. पण ती उशी, तिच्यानंतरचा खोकला आणि त्याच्यानंतरची नदी हे तिन्ही माझे होते. म्हणजे नदी कोणाचीही असू शकते, खोकला मात्र माझाच होता. कोरडा, अर्धवट, सुरू होऊन मधेच लाजलेला. मी तो जगात कुठेही ओळखला असता. मी तोंडातली पेस्ट गिळली. धक्का बसला की माणसाच्या हातातून कप पडतो असं ऐकून होतो. माझ्या हातात कप नव्हता, त्यामुळे जे होतं ते गिळलं. तेवढ्यात दार उघडलं. "काय रे, रांग लावलीस?" बाबा म्हणाले. हनुवटीवर कापल्याच्या जागी त्यांनी कागदाचा कपटा चिकटवला होता. मी विचारलं, "आत काय म्हणत होतात?" "आत माणूस काय म्हणणार? आई गं म्हणणार. ब्लेड नवीन आहे." आणि ते टॉवेल खांद्यावर टाकून ताठ निघून गेले, एखादी इमारत पास करून निघाल्यासारखे. हे मी उपमा म्हणून सांगत नाही. बाबा आयुष्यभर लिफ्ट तपासनीस होते आणि इमारती पास करून निघायची त्यांची चाल ठरलेली होती.

मी काय करतो हे मला एका वाक्यात सांगता येतं, आणि ज्यांना सांगता येत नाही अशांनी भरलेल्या इमारतीत मी काम करतो. मी माणसं पुसतो. आमच्या संशोधन केंद्रात तळमजल्यावर स्मरणशक्ती, तिसऱ्या मजल्यावर लाळ, आणि सगळ्यात वर, जिथे खिडकी ठेवायची आठवण कोणालाच झाली नाही, तिथे मी. साठीच्या पुढची माणसं दर सहा महिन्यांनी येतात. तळमजल्यावर त्यांना हेडफोन लावून पंधरा शब्द ऐकवतात आणि विचारतात, यातले किती आठवतात. मग एक छोटी गोष्ट वाचून दाखवतात, थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलतात, आणि ती गोष्ट परत सांगायला लावतात. मग कापसाचा एक बोळा चावायला देतात. तो बोळा तिसऱ्या मजल्यावर जातो आणि तिथले सर, ज्यांना अख्खं केंद्र प्रेमाने लाळसर म्हणतं, त्यातून तो माणूस त्या सकाळी किती घाबरलेला होता याचा आकडा काढतात. हे सगळं शेवटी माझ्याकडे येतं. मी नाव काढतो, पत्ता काढतो, जन्मतारीख इकडेतिकडे सरकवतो. आवाजावरून कोणी ओळखू नये म्हणून माझा प्रोग्रॅम प्रत्येकाचा आवाज बदकाचा करतो. आणि नावाच्या जागी तो एक विशेषण आणि एक वस्तू चिकटवतो: गंभीर छत्री, ओलं स्टूल, शांत बादली. अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीचं म्हणणं होतं की सरळ आकडे द्या. पण आकडे एकमेकांत मिसळतात, ओलं स्टूल कशातच मिसळत नाही. मी तळमजल्यावरच्या चाचणीच्या खोल्यांत जायचं नाही आणि आलेली माणसं बघायची नाहीत असा नियम आहे, म्हणजे मी कोणाला ओळखायचा प्रश्नच येत नाही. आमच्या प्रोफेसर बाई मला खोडरबर म्हणतात. मला ते बिरुद वाटतं. मी एकदा पुसलेला माणूस त्याच्या बायकोलाही सापडणार नाही असं मी मुलाखतीत म्हणालो होतो, आणि बहुतेक त्यावरच नोकरी मिळाली.

फक्त एक गोष्ट मी पुसली नव्हती. ते पंधरा शब्द वाचायला बाईंना असा आवाज हवा होता ज्यात काहीच नाही, ना राग, ना लोभ, ना गाव. केंद्रातल्या सगळ्यांचे आवाज ऐकून त्या माझ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "हा बघा, याच्या आवाजात कोणीच राहत नाही." मग एका रविवारी मी घरी रेकॉर्डर घेऊन कपड्यांच्या कपाटात बसलो, कारण स्वेटरांमधे आवाज चांगला मुरतो, आणि कपाटाचं दार ओढून दिवसभर शिडी, लिंबू, पूल म्हणत राहिलो. बाबांना मी बाहेर पलंगावर बसवलं होतं, कोणी बेल वाजवायला आलं तर त्याला आधीच अडवायला. ते दिवसभर बसले. मधून मधून कपाटावर टकटक करून विचारायचे, "श्वास आहे ना?" संध्याकाळी मी घामाघूम होऊन बाहेर पडलो तेव्हा एकच पाठ धड रेकॉर्ड झाला होता, आणि त्यात उशी आणि नदीच्या मधे मी खोकलो होतो. सोमवारी कापतो म्हणालो, पण सोमवारी पहिली माणसं येऊन बसली होती आणि बाईंनी तो तसाच लावला. नंतर मी तो खोकला काढतो म्हटलं, तर बाई म्हणाल्या, आता नाही. अर्ध्यांनी खोकल्यासकट ऐकलं आणि अर्ध्यांनी खोकल्याशिवाय, तर तुलना कशी करायची? अशा रीतीने माझा खोकला शास्त्रीय झाला. दुसरी यादी तयार होती, पण ती समितीकडे अडकली होती. तिच्यात 'सुरी' हा शब्द होता आणि समितीला भीती होती की त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना सुरी आठवेल. म्हणून दर वेळी तीच यादी. सहा महिन्यांत माणूस पंधरा फुटकळ शब्द विसरून जातो, या गृहीतावर आमचा अख्खा तळमजला उभा होता. न्हाणीघर आम्ही गृहीत धरलंच नव्हतं.

केंद्रात जाताना मी लिफ्टने गेलो आणि लिफ्टमधेच मला आणखी एक आठवलं. मागच्या वर्षी ही लिफ्ट तळमजल्यावर दोन बोटं वर थांबायची. सगळे अडखळायचे आणि सगळ्यांना सवय झाली होती. मग एक दिवस सूचनापेटीत कोणीतरी कागद टाकला, लिफ्ट कुठे किती वर थांबते, का थांबते आणि कुठला बोल्ट आवळायचा ते चित्रासह, खाली सही नाही. बोल्ट आवळला आणि लिफ्ट जमिनीला लागली. देखभाल विभागात आठवडाभर चर्चा होती की हा माणूस कोण. मी त्या चर्चेत भाग घेतला होता. मी हसलोही होतो. आता आरशात बघून मी ठरवलं की पुरावा मिळेपर्यंत घाबरायचं नाही, आणि पुरावा मिळवण्यात मी हुशार आहे. वर जाऊन मी थेट शांत बादली उघडली. दुसरी कुठली उघडू? शांत बादली हा बाईंचा हिरा होता. बाकी सगळी माणसं दर सहा महिन्यांनी एकेक दोन दोन शब्द गाळत चालली होती. गंभीर छत्रीकडे तर आता लिंबू आणि ससा एवढेच उरले होते. शांत बादली मात्र चढत होती. दहा, बारा, चौदा, पंधरा. आणि गंमत म्हणजे लाळसरांच्या आकड्यांत तिच्याइतकं घाबरलेलं अख्ख्या अभ्यासात कोणी नव्हतं. यावर बाईंनी सिद्धांत उभा केला होता. उतारवयात एक विशिष्ट भीती स्मरणशक्तीला धार लावते. सगळी भीती वाईट नसते. काही माणसं भिऊन तल्लख होतात. पुढच्या महिन्यात एका मोठ्या परिषदेत त्या हे सांगणार होत्या आणि पडद्यावर शांत बादलीचा चढता आलेख दाखवणार होत्या. तो आलेख मीच काढला होता. जिन्यासारखा सुंदर आला होता.

हेडफोन लावून मी ऐकलं. बदक म्हणालं, शिडी, लिंबू, पूल, मेणबत्ती, कात्री, ससा, उशी. मग बदक खोकलं. बदकाचा खोकला कसा असतो हे मला आधी माहीत नव्हतं, पण ओळखायला क्षणही लागला नाही. मागच्या सगळ्या वेळा ऐकल्या. प्रत्येक वेळी उशी, खोकला, नदी. अगदी पहिल्या वेळी दहाच शब्द आले होते आणि त्यातही खोकला होता, जणू तोही विचारला जाणार आहे, जणू परीक्षक बाहेर बसून खोकल्याचेही गुण मांडतोय. मी नाव काढलं होतं, पत्ता काढला होता, गळा बदलून टाकला होता, आणि बाबा माझ्याच खोकल्यात उभे होते. खरं सांगायचं तर माझ्या मनात आधी आलं ते बाबांबद्दल नव्हतं. आधी आलं ते हे, की इतक्या चांगल्या कामाला एक भोक राहिलं. मग मी त्यांच्या बाकीच्या चाचण्या उघडल्या, त्या कोणी उघडत नव्हतं, कारण हिरा हातात असला की त्याची डबी कोण बघतं. ती गोष्ट. गोष्ट दर वेळी नवी असते, ती पाठ करता येत नाही. पहिल्या वेळी बदकाने गोष्ट जवळजवळ जशीच्या तशी सांगितली होती, वर बाजाराच्या रस्त्यात एक सुधारणाही सुचवली होती. दुसऱ्या वेळी तिच्यातली माणसं राहिली आणि वस्तू गेल्या. शेवटच्या वेळी बराच वेळ नुसता श्वास होता, मग बदक म्हणालं, "एक बाई होती. तिचं काहीतरी हरवलं होतं. काय ते मला सांगता येणार नाही. पण सापडेल, असं सांगा तिला."

मी हे तीनदा ऐकलं. खोलीला खिडकी नव्हती ते बरं होतं, असती तर मी तिच्यातून बाहेर बघत बसलो असतो आणि ते मला शोभलं नसतं. आईने बाबांची किल्ली त्यांच्या उजव्या बुटात ठेवायला सुरुवात केली होती, म्हणजे बूट घालताना बोटाला लागेल आणि किल्ली न घेता बाहेर पडता येणार नाही. मी ते बघून म्हणालो होतो, वा, काय व्यवस्था आहे. जेवताना बाबा म्हणायचे, "तो आपला हा," आणि आई वाढता वाढता म्हणायची, "सुतार," आणि बाबा म्हणायचे, "हां, सुतार," आणि गोष्ट पुढे जायची. हे मी नेहमी प्रेमात धरत आलो. ते प्रेमच होतं, पण त्याखाली दुसरं काम चालू होतं; आमच्या घरात माहिती सांभाळणारा विभाग आईचा होता आणि तो माझ्यापेक्षा जुना, खिडकी असलेला आणि बिनबोभाट चालणारा होता. आणि बाबांनी दर सहा महिन्यांनी इस्त्रीचा शर्ट घालून जाणं. आईला ते सांगून जायचे की दातांच्या डॉक्टरकडे जातो. त्या डॉक्टरने त्यांना जितक्या वेळा बोलावलं होतं तितके दुखरे दात त्यांच्याकडे नव्हते. आता केंद्राचा नियम असा आहे: पंधरा शब्दांचे गुण घसरले की धोक्याची घंटा वाजते, त्या माणसाला मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवायची चिठ्ठी आपोआप निघते. ती घंटा मीच बसवली आहे, उत्तम चालते. गंभीर छत्री वेळेवर डॉक्टरकडे पोचली ती त्या घंटेमुळे. पण माझ्या वडिलांनी घंटेची तार नेमकी हुडकून तिला न्हाणीघरात बोळा कोंबला होता. आणि दुसरा नियम असा: केंद्रात काम करणाऱ्याचा नातेवाईक अभ्यासात चालत नाही. सापडला तर त्याचं सगळं पुसायचं. पुसायचं कोणी, तर मी. म्हणजे गप्प बसलो तर बाबा पंधरापैकी पंधरा घेऊन डॉक्टरविना उतरत जाणार, आणि बोललो तर त्यांचं आमच्याकडे जे काही आहे ते सगळं मला माझ्या हाताने नाहीसं करावं लागणार, वर बाईंचा हिरा फुटणार, वर बाबांची लबाडी उघडी पडणार. मी थोडा वेळ विचार केला आणि माझी खात्री पटली की हे मला जमेल. कसं ते तेवढं ठरायचं होतं.

त्या रात्री जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, तुम्ही तपासणीला जायच्या आधी इमारतीला कळवायचात?" "छे," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. हा विषय त्यांच्याकडे पुरा शाबूत होता, कोपरानकोपरा. "कळवून गेलं की प्रत्येक लिफ्ट गुणी असते. तेल घातलेलं, आरसा पुसलेला, लिफ्टमनने केस विंचरलेले. त्या दिवशी काही होत नाही. होतं ते दुसऱ्या दिवशी. एकदा एका हॉटेलची लिफ्ट मी तीन वर्षं पास केली, कारण तिथला मॅनेजर माझ्या आधीच्या साहेबाचा तो हा," "मेहुणा," आई म्हणाली. "मेहुणा," बाबा म्हणाले, "आणि त्याला आधी कळायचं. चौथ्या वर्षी मी भाजीची पिशवी घेऊन गिऱ्हाइकासारखा गेलो. दोरखंड पाहिला तर माझ्या बुटाच्या नाडीपेक्षा बारीक." "मग?" "मग काय. बंद. माणसं पाचव्या मजल्यावरून शिव्या देत चालत उतरली. उतरली तरी." मग ते थांबले. चमचा त्यांच्या हातात अर्ध्यावर राहिला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एखादा आवाज यंत्राच्या कुठल्या भागातून येतोय ते ऐकत असल्यासारखं. मी पाण्याचा ग्लास उचलला. "लिफ्टला जेवायचं नसतं," आई म्हणाली, "तुम्ही जेवा." बाबा जेवायला लागले. थोड्या वेळाने, ताटाकडेच बघत, म्हणाले, "कळवून केलेली तपासणी ही तपासणी नव्हेच. ते लग्न असतं."

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या खोलीत गेलो. बाई परिषदेचं भाषण लाल पेन्सिलीने छाटत होत्या. त्या हुशार होत्या आणि ते त्यांना माहीत होतं. आमचं एकमेकांशी जमायचं ते त्यामुळेच. मी म्हणालो, "बाई, शांत बादली काढावी लागेल." "का? गळते?" "ती माझे बाबा आहेत." बाईंनी पेन्सिल खाली ठेवली नाही. "पुरावा?" "खोकला." "त्यांना खोकला आहे?" "नाही. मला होता." मी त्यांना ऐकवलं. उशी, खोकला, नदी. त्यांनी हेडफोन कानावर दाबून धरले आणि डोळे मिटले, मग उघडले, मग स्वतःच मागे नेऊन परत ऐकलं. "इतक्या वेळा हे ऐकलं," त्या म्हणाल्या, "मला वाटलं बिचाऱ्याला सर्दी आहे." मग म्हणाल्या, "म्हणजे माझा हिरा पाठांतर करत होता." "हो." "आणि ती भीती? तीसुद्धा खोटी?" "भीती खरी होती. पकडले जाण्याची." बाई खुर्चीत मागे टेकल्या. त्यांच्या टेबलावर माझा आलेख मोठा करून पडला होता, जिन्यासारखा, आणि आम्ही दोघं थोडा वेळ त्या जिन्याकडे बघत राहिलो, ज्याच्यावर रोज सकाळी एक म्हातारा माणूस दाढी करता करता एकेक पायरी चढला होता. "त्यांना काय पडलं होतं एवढं?" बाईंनी विचारलं. "ही काय परीक्षा होती का?" मी म्हणालो, "कानात मी होतो बाई. मुलाने विचारलं आणि बापाला येत नाही, असं त्यांना होऊ द्यायचं नसेल." हे मी बोलून गेलो आणि मग मला कळलं की मला हे माहीत होतं. बाईंनी हेडफोन उचलून आलेखावर ठेवले. मग म्हणाल्या, "गोष्टीचे गुण पाहिलेस?" "पाहिले." "मी नव्हते पाहिले," बाई म्हणाल्या, आणि पेन्सिलीने भाषणाच्या पहिल्या पानावर एक आडवी रेघ मारली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, न वाचता. "पुसून टाक. चिठ्ठी बादलीला देता येणार नाही, पण माणसाला देता येते. डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत, मी आज बोलते. त्यांना एक ताजा आकडा लागेल, न शिकलेल्या शब्दांचा. घेशील घरी?" मी म्हणालो, घेईन. त्यांनी खणातून दुसरी यादी काढली, समितीत अडकलेली, सुरीवाली. "ही माझ्याकडे नाही आणि मी तुला दिलेली नाही," त्या म्हणाल्या. "सांभाळून वाच. खोकू नकोस."

वर येऊन मी शांत बादलीवर बोट ठेवलं. प्रोग्रॅमने विचारलं, तुमची खात्री आहे? हो की नाही? हा प्रश्न मीच लिहिला होता, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, आणि लिहिताना तिसरा पर्याय ठेवायचं सुचलं नव्हतं. पुसायच्या आधी मी शेवटची गोष्ट आणखी एकदा ऐकली. बदलायच्या आधीचा आवाज ऐकायची सोय माझ्याकडे होती, अधिकार नव्हता; मी बदकाचाच ऐकला. काय ते मला सांगता येणार नाही, पण सापडेल, असं सांगा तिला. मग मी हो दाबलं. शांत बादली गेली, तिची लाळ गेली, तिचा जिना गेला. माझं काम इतकं चोख होतं की एक रिकामी ओळही उरली नाही. ओलं स्टूल वर सरकलं आणि तिथे जाऊन बसलं.

रविवारी सकाळी बाबा पाव आणायला निघाले तेव्हा मी म्हणालो, मीही येतो. त्यांनी बूट घातला, बोटाला किल्ली लागली, त्यांनी ती काढून खिशात टाकली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "कुठून येते कोण जाणे." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "दातवाल्याकडे नाही ना जायचं?" बाबा म्हणाले, "पाव आणायला चाललोय." "मग पावच आणा," आई म्हणाली, पण बघत माझ्याकडे होती. आम्ही लिफ्टमधे शिरलो. आमच्या इमारतीची लिफ्ट जुनी आहे, जाळीच्या दाराची, गोगलगाय. बाबांचा तिच्यावर जीव आहे. दार ओढून बटण दाबलं आणि मजला डोळ्यांसमोरून वर सरकायला लागला. मी यादी पाठ केली होती. हे माझ्या लक्षात आलं आणि मला हसू येणार होतं, ते आलं नाही. "बाबा, मी पंधरा शब्द सांगतो," मी म्हणालो. "नवीन आहेत." बाबा जाळीतून बाहेर बघत होते. त्यांच्या मानेवर दाढी करताना राहिलेला एक पांढरा पट्टा होता. पाऊण मजला वर गेला. मग म्हणाले, "न कळवता आलास." "हो." "बरं केलंस. सांग." त्यांनी हात मागे बांधले, तपासणीला उभे राहायचे तसे, फक्त आज ते यंत्राच्या बाजूला होते. मी माझ्या त्या आवाजात सुरुवात केली ज्यात कोणीच राहत नाही. मडकं, घोडा, खिडकी, सुरी. सातव्या शब्दापर्यंत तो आवाज तसाच राहिला. मग बाबांनी ओठ हलवायला सुरुवात केली, माझ्या मागून, प्रत्येक शब्द घट्ट पकडायला बघत, आणि पुढचा शब्द आला की आधीचा सुटत होता, हे मला त्यांच्या ओठांवर दिसत होतं. मी खोकलो. मग उरलेले सांगितले.

दुसरा मजला खालून आला आणि वर गेला. "सुरी," बाबा म्हणाले. समितीचं बरोबर होतं. "घोडा. खिडकी." मग नुसती लिफ्टची घरघर. त्यांनी डोळे मिटले, उघडले, छताकडे पाहिलं, जिथे दोरखंड असतो. "ते मातीचं, काय ते, पाण्याचं," ते म्हणाले, आणि मी आईसारखं पुढे होऊन शब्द देणार होतो, तो दातांमागे धरून ठेवला. माझ्या नोकरीतलं ते सगळ्यात अवघड काम. "मडकं," ते स्वतःच म्हणाले. आणि मग पुढचा एकही नाही. "किती झाले?" त्यांनी विचारलं. "चार." "आणि मधे तू खोकलास." "ते धरायचं नसतं बाबा." "का नसतं? मला तर तेच पहिलं आठवतं. पहिल्यांदा तिथे खाली कानात तू बोलायला लागलास, मी इतका दचकलो की शब्द गेले कुठल्या कुठे. मग खोकलास, तेव्हा म्हटलं, चला, आपलाच आहे. मग जरा आठवलं." ते हे अगदी साधेपणाने बोलले, लिफ्टच्या एखाद्या भागाबद्दल सांगावं तसे. मी म्हणालो, "तिथलं सगळं पुसलं मी. पण बुधवारी एका डॉक्टरकडे जायचंय. मी येतो बरोबर." "पुसलंस? पंधराचे पंधरा?" "पंधराचे पंधरा." त्यांना क्षणभर वाईट वाटलं, खरोखरचं, मेहनत वाया गेल्याचं. मग त्यांनी खांदे सरळ केले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "मीही फाडलं असतं ते सर्टिफिकेट." लिफ्ट तळाशी थांबली. दार उघडून त्यांनी नेहमीसारखं बुटाचं टोक पुढे करून जमिनीची पातळी बघितली. "आमच्याकडे तीन शेरे असायचे," ते तसेच दारात उभे राहून म्हणाले. "चालू, बंद, आणि देखरेखीखाली चालू. तिसरा मी फार कमी इमारतींना दिला. लोकांना वाटतं, त्यात कमीपणा आहे. त्यात उलट जास्त काम आहे." "मग काय लिहू?" मी विचारलं. "तिसरा," बाबा म्हणाले, आणि पाय टाकला. मी दार ओढून त्यांच्या मागे निघालो. बाहेर ऊन होतं, रस्ता नुकताच धुतला होता, पाववाल्याच्या दुकानाकडे ते अजिबात न चुकता वळले. मी खोकलो, यावेळी पुरा. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"पाच," ते म्हणाले.